पुणेरी पलटणचा २०२४ चा हंगाम

प्रो कबड्डी लीगचा अकरावा हंगाम १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर २०२४ या काळात खेळला गेला. पुणेरी पलटण हा पुणे शहराचे प्रतिनिधित्व करणारा व्यावसायिक कबड्डी संघ या हंगामात प्रथमच गतविजेता म्हणून उतरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला नमवून संघाने आपले पहिले विजेतेपद मिळवले होते. अकराव्या हंगामात मात्र तो आठव्या स्थानावर राहिला आणि बाद फेरी गाठू शकला नाही. हंगामाचा अंतिम सामना पुण्यातील बालेवाडी येथे झाला. तो जिंकणाऱ्या हरियाणा स्टीलर्स संघात आदल्या हंगामातील पुण्याचा प्रमुख बचावपटू महंमदरेझा शादलू होता.

पार्श्वभूमी

हुतूतू या नावाने महाराष्ट्रात खेळल्या जाणाऱ्या खेळाला नियमांची चौकट देण्याचे काम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले आणि त्यात पुण्याचा मोठा वाटा होता. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, त्यांत कबड्डीचाही समावेश होता. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. शंकरराव साळवी यांनी या खेळाच्या संघटनेसाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

राज्यातील स्पर्धात्मक कबड्डी जिल्हा संघटनांच्या आधारावर उभी आहे. मुंबई, पुणे, रत्नागिरी, सांगली यांच्याबरोबरच परभणीसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांचे संघही राज्य अजिंक्यपद स्पर्धेत खेळतात आणि त्या स्पर्धेतून राज्याचा संघ निवडला जातो. या व्यवस्थेत खेळाडूला उत्पन्न मिळे ते मुख्यतः नोकरीतून. रेल्वे, पोलीस दल, बँका आणि मोठ्या कंपन्या खेळाडूंना सेवेत घेत व त्यांचे संघ व्यावसायिक गटाच्या स्पर्धांत उतरत. केवळ खेळण्याबद्दल हंगामी मानधन देणारी, खेळाडूंचा जाहीर लिलाव करणारी आणि चित्रवाणी प्रक्षेपणावर चालणारी स्पर्धा २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीगच्या रूपाने आली. २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या पहिल्या हंगामात आठ संघ होते. २०१७ पासून ही संख्या बारा झाली. महाराष्ट्राचे दोन संघ, यू मुंबा आणि पुणेरी पलटण, आरंभापासून लीगमध्ये आहेत.

या दोघांचे सुरुवातीचे नशीब अगदी वेगळे होते. यू मुंबाने पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरी गाठली आणि २०१५ मध्ये विजेतेपद मिळवले. पुणेरी पलटण पहिल्या दोन हंगामांत तळाला राहिली. तिसऱ्या आणि चौथ्या हंगामात मनजीत छिल्लरच्या नेतृत्वाखाली संघाने तिसरे स्थान मिळवले. त्यानंतर कर्णधार आणि प्रशिक्षक बदलत राहिले, पण अंतिम फेरी हुलकावणी देत राहिली.

नववा व दहावा हंगाम

२०२२ मध्ये बी. सी. रमेश संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली बंगाल वॉरियर्सने २०१९ मध्ये लीग जिंकली होती. नामवंत चढाईपटूंवर पैसा ओतण्याऐवजी तरुण खेळाडू घेऊन ते टिकवायचे, असे धोरण पुण्याने अवलंबले. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते हे चढाईपटू आणि संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नदराजन हे बचावपटू याच धोरणातून एकत्र आले. अस्लम अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील, तर आकाश नाशिक जिल्ह्यातील. लीगमध्ये शहराच्या नावाने खेळणाऱ्या संघांत त्या राज्याचे खेळाडू असतीलच असे नाही. पुण्याच्या संघात मात्र मराठी खेळाडूंची संख्या लक्षणीय होती आणि प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याला तेही एक कारण होते.

नवव्या हंगामात इराणच्या फझल अत्राचलीच्या नेतृत्वाखाली संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. उपांत्य सामन्यात तमिळ थलायवाजवर ३९-३७ असा निसटता विजय मिळाला, त्यात पंकज मोहितेचे १६ गुण होते. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात जयपूर पिंक पँथर्सने पुण्याला ३३-२९ असे हरवले.

दहाव्या हंगामापूर्वी ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या लिलावात संघाने आपल्या नेहमीच्या धोरणाला एक मोठा अपवाद केला. इराणचा डावा कोपरारक्षक महंमदरेझा शादलू याच्यासाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले गेले. संघाला खर्चासाठी मिळणारी एकूण रक्कम ५ कोटी असताना एकाच खेळाडूवर त्यातील ४७ टक्के खर्च करणे हा जुगारच होता. तो यशस्वी ठरला. शादलूने हंगामात ९९ पकडींचे गुण मिळवले आणि सर्वोत्कृष्ट बचावपटूचा पुरस्कार पटकावला. कर्णधार अस्लम इनामदार हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. साखळीतील २२ सामन्यांपैकी पुण्याने १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले व केवळ २ गमावले, आणि ९६ गुणांसह अव्वल स्थान मिळवले.

उपांत्य फेरीत पाटणा पायरेट्सचा ३७-२१ असा पराभव केल्यानंतर अंतिम सामना हरियाणा स्टीलर्सशी झाला. दोन्ही संघ बचावावर विसंबणारे असल्यामुळे गुण सावकाश वाढले. मध्यंतराला पुणे १३-१० असे पुढे होते. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण मिळवले, तर गौरव खत्रीच्या पकडींनी हरियाणाला डोके वर काढू दिले नाही. निकाल २८-२५ असा लागला.

लिलाव आणि संघबांधणी

विजेता संघ जसाच्या तसा पुढील हंगामात नेणे प्रो कबड्डी लीगमध्ये फार अवघड असते. प्रत्येक संघाला ठरावीक रकमेच्या मर्यादेतच खेळाडू घ्यावे लागतात. काही खेळाडू लिलावापूर्वी राखून ठेवता येतात, उरलेल्यांना मोकळे करावे लागते. मोकळ्या केलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने सर्वोच्च बोली लावल्यास जुना संघ त्या बोलीइतकी रक्कम देऊन त्याला परत घेऊ शकतो. मात्र ती रक्कमही त्याच मर्यादित पेटीतून जाते. दुर्बल आणि सबळ संघांतील अंतर कमी करण्याचे प्रयत्न इतर व्यावसायिक लीगमध्येही होतात. अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये वेतनखर्चाला कमाल मर्यादा आहे आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याची पहिली संधी मिळते. तेथे निवडलेल्या खेळाडूशी अनेक वर्षांचा करार होतो. कबड्डीत मोठ्या नावांची उलथापालथ जवळजवळ दर हंगामाला होते, आणि विजेत्याला तिची झळ अधिक बसते, कारण ज्याने विजेतेपद मिळवून दिले त्याचाच भाव वाढलेला असतो.

अकराव्या हंगामाचा लिलाव १५ व १६ ऑगस्ट २०२४ रोजी मुंबईत झाला. खेळाडूंचे चार गट करून त्यांची पायाभूत किंमत अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख रुपये ठेवण्यात आली होती. बारा संघांनी मिळून ८८ खेळाडू आधीच राखून ठेवले होते. आठ खेळाडूंना एक कोटीपेक्षा अधिक रक्कम मिळाली. सचिन तन्वर २ कोटी १५ लाखांना तमिळ थलायवाजकडे गेला आणि या लिलावातील सर्वांत महागडा खेळाडू ठरला.

पुण्याने अस्लम, मोहित, पंकज, आकाश, संकेत, गौरव, अबिनेश आणि तरुण चढाईपटू आदित्य शिंदे हा आपला गाभा राखला, पण शादलूला मोकळे केले. त्याच्यावरची बोली पुन्हा दोन कोटींच्या पुढे गेली. हरियाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लाखांना त्याला घेतले आणि पुण्याने ती बोली स्वीकारण्याचा हक्क वापरला नाही. घरात घडवलेल्या खेळाडूंचा गट राखायचा की एका असाधारण बचावपटूवर पुन्हा निम्म्याच्या आसपास रक्कम लावायची, यांपैकी पुण्याने पहिला मार्ग निवडला. संघाच्या मूळ धोरणाशी हा निर्णय सुसंगत होता. पण ज्या प्रतिस्पर्ध्याला पाच महिन्यांपूर्वी अंतिम सामन्यात हरवले, त्याच्याच हाती आपला सर्वोत्तम बचावपटू गेला. चढाईत अजित कुमार व्ही. याची भर पडली. प्रशिक्षकपद रमेश यांच्याकडे आणि नेतृत्व अस्लमकडे कायम राहिले.

डाव्या कोपऱ्याचे महत्त्व

शादलूच्या जाण्याचा अर्थ समजण्यासाठी बचावाची रचना पाहणे आवश्यक आहे. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते आणि मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूला सात खेळाडू उभे राहतात. चढाई करणाऱ्याला ३० सेकंदांची मुदत असते. बचाव करणाऱ्या संघाचे खेळाडू साखळी धरून अर्धवर्तुळात उभे राहतात आणि त्याच्या दोन टोकांना कोपरारक्षक असतात. चढाईपटूचा घोटा धरणे किंवा मांडी पकडून त्याला रोखणे ही पहिली झेप बहुधा कोपऱ्यातून येते. मधले रक्षक त्यानंतर धडक देऊन किंवा वेढा घालून त्याला खाली आणतात. कोपरारक्षकाची वेळ चुकली तर चढाईपटूला केवळ एक गुण मिळून थांबत नाही. धावून आलेले इतरही त्याच्या स्पर्शाने बाद होतात.

बहुतेक चढाईपटू उजव्या हाताचे असतात. त्यामुळे डाव्या कोपऱ्यावरील रक्षकाला सामन्यात सर्वाधिक काम पडते, आणि तेथे भरवशाचा खेळाडू असणे ही कोणत्याही संघाची मोठी गरज असते. शादलू आधीच्या आठव्या हंगामातही पाटणा पायरेट्सकडून सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला होता. तो अंगावर झेप घेण्यात कचरत नाही. चुकतो तेव्हा ती चूक ठळकपणे दिसते, पण संघाला मिळणारे गुण चुकांपेक्षा बरेच अधिक असतात. शिवाय तीन किंवा त्याहून कमी खेळाडू मैदानात उरले असताना केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, दोन गुण मिळतात. लोण चढण्याच्या बेतात असलेला संघ अशा एका पकडीने सावरतो.

स्पर्धेचे स्वरूप

दहावा हंगाम बारा शहरांत फिरला होता. अकरावा तीनच ठिकाणी झाला: हैदराबाद (१८ ऑक्टोबरपासून), नोएडा (१० नोव्हेंबरपासून) आणि पुणे (३ डिसेंबरपासून). प्रत्येक संघाने साखळीत २२ सामने खेळले. विजयासाठी पाच गुण, बरोबरीसाठी तीन आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने झालेल्या पराभवासाठी एक गुण होता. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत, तर तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे संघ बाद सामन्यांत, अशी रचना होती. बाद फेरीचे सर्व सामने पुण्यात ठेवल्यामुळे पुणेरी पलटणला आपल्या प्रेक्षकांसमोर विजेतेपद राखण्याची संधी होती. पहिल्या सहांत येणे एवढीच त्यासाठी अट होती.

हंगाम

पुण्याचा पहिला सामना १९ ऑक्टोबर रोजी हैदराबादच्या गच्चीबावली येथे हरियाणा स्टीलर्सशी झाला. आदल्या अंतिम सामन्याचेच हे मैदान आणि हाच प्रतिस्पर्धी, फक्त शादलू आता समोरच्या अंगणात होता. पुण्याने हा सामना ३५-२५ असा सहज जिंकला. या विजयानंतर शादलूला सोडण्याच्या निर्णयावरील टीका काही काळ मागे पडली.

हंगामाला कलाटणी मिळाली ती नोव्हेंबरमध्ये. कर्णधार अस्लम इनामदारला गुडघ्याची दुखापत झाली आणि तो उर्वरित हंगामाला मुकला. त्याच्या जागी आकाश शिंदेने नेतृत्व केले. अस्लमची उणीव केवळ चढाईच्या गुणांपुरती नव्हती. 'करो या मरो' चढाईत, म्हणजे दोन निष्फळ चढायांनंतर गुण मिळवणे किंवा बाद होणे अटळ असते त्या वेळी, संघ त्याच्यावर विसंबून असे. गरज पडेल तेव्हा तो बचावातही उतरत असे. दहाव्या हंगामात एकाला अपयश आले की दुसरा ते भरून काढी, कारण चढाईत तिघे-चौघे आणि मागे शादलू होता. आता कर्णधार आणि प्रमुख बचावपटू हे दोघेही नव्हते. मोहित, पंकज आणि आकाश यांच्यावरचा भार वाढला.

गुणतक्त्यात संघ हळूहळू घसरत गेला. डिसेंबरमध्ये स्पर्धा पुण्यात आली तेव्हा सहाव्या स्थानासाठीची चुरस कायम होती, पण घरच्या प्रेक्षकांचा पाठिंबा पुरेसा ठरला नाही. साखळीअखेर संघ आठवा राहिला. हरियाणा स्टीलर्स अव्वल ठरला. महाराष्ट्राचा दुसरा संघ यू मुंबा पाचव्या स्थानावर राहून बाद फेरीत गेला.

बालेवाडीतील बाद फेरी

श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातील बॅडमिंटन सभागृहात २६ ते २९ डिसेंबर या काळात बाद फेरी झाली. पहिल्याच दिवशी पाटणा पायरेट्सने यू मुंबाला ३१-२३ असे हरवल्यामुळे महाराष्ट्राचा एकही संघ स्पर्धेत उरला नाही. अन्य बाद सामन्यात यूपी योद्धाजने जयपूरवर ४६-१८ असा एकतर्फी विजय मिळवला. उपांत्य फेरीत हरियाणाने योद्धाजला २८-२५ आणि पाटण्याने दबंग दिल्लीला ३२-२८ असे नमवले.

अंतिम सामन्यात हरियाणाने पाटण्याचा ३२-२३ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. शिवम पटारेने ९ गुण मिळवले. शादलूच्या ७ गुणांत बचावातील पाच किंवा अधिक गुणांचा, अर्थात 'हाय फाइव्ह'चा, समावेश होता. पाटण्याचा देवांक दलाल या हंगामात ३०१ गुण मिळवणारा चढाईपटू होता आणि त्याला रोखणे हेच हरियाणाच्या बचावाचे मुख्य काम होते. हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार शादलूला मिळाला. त्याने हंगामात एकूण १३९ गुण केले आणि त्यांतील ८२ पकडींचे होते. उरलेले चढाईचे होते, कारण हरियाणाने त्याला चढाईलाही पाठवले. एकाच खेळाडूने लागोपाठ दोन हंगामांत दोन वेगवेगळ्या संघांना त्यांचे पहिले विजेतेपद मिळवून देण्यात प्रमुख वाटा उचलण्याचा हा प्रसंग लीगच्या इतिहासात विरळा आहे.

नंतरचा काळ

बाराव्या हंगामासाठी अजय ठाकूर संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २०१६ च्या विश्वचषक विजेत्या भारतीय संघातील तो प्रमुख चढाईपटू होता. ३१ मे व १ जून २०२५ रोजी झालेल्या लिलावात पुण्याने सचिन तन्वरला १ कोटी ५ लाख ८० हजार रुपयांना घेतले. आदल्या वर्षी त्याच सचिनची किंमत याच्या दुप्पट होती. शादलू पुन्हा एकदा दोन कोटींच्या वर, २ कोटी २३ लाखांना, गुजरात जायंट्सकडे गेला. अस्लम दुखापतीतून सावरून कर्णधार म्हणून परतला.

या हंगामात साखळीतील सामने १८ करण्यात आले, विजयासाठी दोन गुण ठेवण्यात आले आणि बरोबरी रद्द करून त्याऐवजी प्रत्येकी पाच चढायांची निर्णायक फेरी आणण्यात आली. २९ ऑगस्ट २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे पुणे व बेंगळुरू बुल्स यांच्यातील सामना ३२-३२ असा सुटला आणि साखळीत ही फेरी खेळण्याची पहिली वेळ याच दोन संघांवर आली. पुण्याने ती ६-४ अशी जिंकली. साखळीअखेर पुणे आणि दबंग दिल्ली यांचे प्रत्येकी २६ गुण झाले आणि पुणे गुणफरकावर अव्वल ठरले.

पात्रता फेरीच्या पहिल्या सामन्यात दिल्लीने पुण्याला निर्णायक फेरीत नमवले. पुण्याने दुसऱ्या सामन्यात तेलुगू टायटन्सचा ५०-४५ असा पराभव करून चार हंगामांत तिसऱ्यांदा अंतिम फेरी गाठली. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत झालेला अंतिम सामना यजमान संघाने ३१-२८ असा जिंकला. दिल्लीच्या बचावात त्या दिवशी फझल अत्राचली होता. २०२२ मध्ये पुण्याला पहिल्या अंतिम सामन्यापर्यंत नेणारा कर्णधार तोच.